चेंबरला कोणतं सिलिकॉन लावायचं?

२०२४ च्या जूनमध्ये कळव्याच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी तीन-चार काळे ठिपके दिसायला लागले. वॉचमनकाकांनी दोनदा पुसून काढले, तिसऱ्यांदा मला खाली बोलावलं. "ताई, गाडी तेल टाकतेय." बाबांची तेरा वर्षांची पेट्रोल गाडी. त्यांनी चालवणं सोडल्यापासून मी वापरते. कळवा, विटावा, ऐरोली, रबाळे असं रोजचं जाणं-येणं. रबाळ्याला रेझिन बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. गाडीतलं मला फारसं कळत नव्हतं, पण घट्ट होणारे, चिकटणारे, वाळणारे पदार्थ हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे पुढे जे झालं ते माझ्या मनाला जास्तच लागलं.

पहिला प्रश्न, गळतंय कुठून? इंजिनाचं तेल वरून निघतं, खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं. जिथून थेंब पडतो तिथूनच गळती असते असं नाही. मी रविवारी इंजिनाची खालची बाजू धुऊन काढली, कोरडी केली आणि सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. मग खारेगावापर्यंत एक फेरी मारून आले. पावडरीवर ओली रेघ स्पष्ट उमटली होती, चेंबरच्या मागच्या कोपऱ्यात. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेला थोडा ओलावा होता, पण खरी गळती चेंबरचीच.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी लावलेलं पत्र्याचं भांडं. सगळं तेल तिथे जमतं आणि तिथूनच पंप ते वर खेचतो. माझ्या गाडीत चेंबर आणि ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) यांच्यामध्ये कागदाचं किंवा कॉर्कचं पॅकिंग, म्हणजे गळती रोखणारा मधला थर, नाही. कारखान्यातूनच तिथे घट्ट होणाऱ्या चिकट सिलिकॉनची एक धार सोडून चेंबर दाबून बसवलेला असतो. पॅकिंग जागेवरच तयार होतं. म्हणजे तो सांधा पुन्हा करायचा तर जी ट्यूब निवडाल तेच तुमचं पॅकिंग. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर पुढचा महिना वाचला असता.

मी गाडी जवळच्या एका गॅरेजात दिली. दीड तासात काम झालं, तेल भरून गाडी हातात. चेंबरच्या कडेने सगळीकडे लाल सिलिकॉन जाड फुगून बाहेर आलं होतं आणि मला ती मजबुतीची खूण वाटली. ट्यूबवर मोठ्या अक्षरांत तापमान लिहिलेलं गॅरेजातल्या मुलाने मला दाखवलं, सव्वातीनशे अंशांपर्यंत काही होत नाही म्हणाला. बॉनेटखालून आंबूस वास येत होता, व्हिनेगरसारखा. तो वास मी ओळखला, ॲसिटिक ॲसिडचा. ओळखूनही तिथेच थांबून विचार केला नाही.

एकोणीस दिवसांनी संध्याकाळी ऐरोलीच्या सिग्नलला गाडी उभी असताना ऑइलचा लाल दिवा, म्हणजे तेलाचा दाब कमी झाल्याची खूण, लुकलुकला. ॲक्सिलरेटर दिला की विझायचा, सोडला की पुन्हा. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. डिपस्टिक काढून पाहिली तर तेल दोन्ही खुणांच्या मध्ये, व्यवस्थित. तेल आहे आणि दाब नाही, याचा अर्थ मला उमगेना. खारेगावात बाबांच्या जुन्या मित्राचं छोटं गॅरेज आहे, त्या काकांना फोन लावला. त्यांनी एकच सांगितलं, "पोरी, आता चावी फिरवू नकोस. एक मिनिटसुद्धा नाही. टो करून आण."

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्यासमोर चेंबर उतरवला. पंपाच्या नळीच्या टोकाला जाळी असते, चहाच्या गाळणीएवढी. त्या जाळीवर लाल तुकडे बसले होते, शेवयांचा चुरा ओला होऊन चिकटावा तसे. अर्ध्याहून जास्त जाळी बंद. सिलिकॉन जसं बाहेर फुगतं तसंच आतही फुगतं; बाहेरचं आपल्याला दिसतं, आतलं तेलात लोंबत राहतं, तुटतं आणि पंपाकडे ओढलं जातं. दिवा लागल्यावर मी तशीच घरापर्यंत गाडी आणली असती तर क्रँकची (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याची) बेअरिंगं गेली असती आणि गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त झाला असता.

मग काकांनी चेंबरच्या कडेवरची लाल धार नखाने एका टोकाला उचलली आणि ओढली. सगळी धार अखंड हातात आली, उसवलेल्या शिवणीतला दोरा निघावा तशी. तिची खालची बाजू तेलाने चकचकीत होती. ती कुठे चिकटलेलीच नव्हती. नुसती दाबून बसवलेली होती.

काकांना मी विचारलं, तुम्ही कोणतं लावता? ते म्हणाले, "पॅकिंगला शेलॅक (लाखेचा चिकट द्राव), चेंबरला सिलिकॉन. कुठलं सिलिकॉन ते दुकानदार देतो ते." चाळीस वर्षं हातात पाने घेऊन काम केलेला माणूस, आणि त्यांच्याही बाबतीत हा निर्णय काउंटरपलीकडचा माणूस घेतो. बाबा घरी बसून सगळं ऐकत होते. ते वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये जिथून झाली तो हा भाग, आणि बाबांच्या उमेदीच्या काळात तिथल्या प्रत्येक शेडमध्ये कुणी ना कुणी पॅकिंग कापत बसलेलं असायचं. ते सांगतात, कॉर्कचा किंवा कागदाचा शीट घ्यायचा, सांध्याच्या कडांना ग्रीस फासून त्यावर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्यायचे. धारेवर शीट आपोआप कापलं जातं, बोल्टची भोकंसुद्धा हातोडीच्या गोल डोक्याने पडतात. मग दोन्ही बाजूंना शेलॅकचा पातळ हात. तिथे शेलॅकचं काम फक्त पॅकिंग जागेवर धरून ठेवायचं असतं, गळती रोखायचं काम पॅकिंग करतं. बाबा म्हणाले, "तुमच्या गाडीत पॅकिंगच नाही. मग सिलिकॉनकडून दोन्ही कामं करून घ्यायची आहेत, तर ते तसं निवडायला नको?"

पुढचे दहा दिवस मी बसने ऑफिसला गेले आणि वाटेतली दुकानं पालथी घातली. कळव्यात एक, ठाण्यात दोन, तुर्भ्यात दोन. तुर्भ्याला ट्रकचं काम करणाऱ्यांची वर्दळ असते, तिथल्या दुकानात माल जास्त खपतो आणि ताजा मिळतो. रॅकवर लॉकटाइट, थ्रीबॉन्ड, परमाटेक्स आणि आपलं चेन्नईचं ॲनाबॉन्ड. लाल, काळं, करडं, निळं, पारदर्शक. प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न एकच, "किती डिग्रीचं पाहिजे?"

खरं म्हणजे चेंबरसाठी हा प्रश्न सगळ्यात कमी कामाचा. चेंबरमधलं तेल साधारण शंभर अंशांच्या आसपास असतं, जोरात चालवलेल्या गाडीत एकशेवीस-तीस. ट्यूबवर सव्वातीनशे लिहिलेलं असो की अडीचशे, दोन्ही पुरून उरतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, हा आकडा महत्त्वाचा वाटेल, पण तिथे सहाशेच्या पुढे तापमान जातं, तिथे कुठलंच सिलिकॉन टिकत नाही, पत्र्याचं पॅकिंगच लागतं. म्हणजे ट्यूबवर जो आकडा सगळ्यात मोठा छापतात, तो बहुतेक कामांत निर्णय करतच नाही.

निर्णय करतं ते दुसरंच. सांध्याला आतून काय लागतं? तेल, पाणी, की पेट्रोल? सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं, इंधनाच्या सांध्याला ते लावायचंच नाही. सांध्याची दोन्ही तोंडं, म्हणजे एकमेकांवर टेकणाऱ्या कडा, कसली आहेत, पत्रा की जाड ओतीव धातू? आणि ते सिलिकॉन वाळताना हवेत काय सोडतं?

हा तिसरा प्रश्न माझ्या विषयातला. ट्यूबमधलं सिलिकॉन हवेतला ओलावा शोषून घट्ट होतं आणि होताना एक छोटा रेणू बाहेर टाकतं. काही प्रकार ॲसिटिक ॲसिड टाकतात, म्हणून आंबूस वास. बाथरूमच्या टाइल्सना लावायचं स्वस्त सिलिकॉन बहुधा याच जातीचं. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम या सगळ्यांना ते थोडंफार खातं. इंजिनासाठी ऑक्झाइम किंवा अल्कॉक्सी जातीचं घ्यायचं, त्यात ॲसिड नसतं. ट्यूबवर हे नाव छापलेलं नसेल तर न्यूट्रल क्युअर, नॉन-कोरोसिव्ह, सेन्सर सेफ यांपैकी काहीतरी असतं. सेन्सर सेफचा अर्थ असा, की सिलिकॉनमधून उडणारी वाफ क्रँककेसमधून (चेंबरच्या वरच्या पोकळीतून) इंजिनात ओढली जाते, जळते आणि तिची वाळूसारखी पूड एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर बसते. सेन्सर आंधळा होतो. म्हणून आधुनिक गाडीत ते शब्द नसलेली ट्यूब घ्यायची नाही, माझं यावर ठाम मत झालं आहे.

ऑक्झाइम जातीतून बहुधा जे बाहेर पडतं त्याचा वास मला पाठ आहे. तोच पदार्थ रंगाच्या डब्यात साय धरू नये म्हणून घालतात. युरोपीय संघाने २०२२ पासून तो कर्करोगकारकांच्या गटात धरला आहे. तेव्हा बंद शेडमध्ये, उघड्या हातांनी, बोटाने सिलिकॉन पसरवायची जी गॅरेजातली सवय आहे ती सोडायला हवी. काकांना मी हातमोज्यांचा डबा आणून दिला. आता ते वापरतात.

रंगाबद्दलही बोलायला हवं. काळं तेलाला, लाल उष्णतेला, करडं घट्ट ओतीव सांध्यांना आणि पाण्याच्या पंपाला, निळं साध्या कामांना, असा एक पायंडा आहे आणि बऱ्याच कंपन्या तो पाळतात. पण रंग हा नियम नाही. लाल रंगाची ट्यूब ॲसिडवाली असू शकते आणि बिनॲसिडचीही. रंग बघून रॅकपर्यंत जावं, घ्यायचं मात्र मागची बारीक अक्षरं वाचून. आणि तारीख. उत्पादनाला दीड-दोन वर्षं झालेली ट्यूब मला दोन दुकानांत दाखवली गेली. जुनं सिलिकॉन ट्यूबमध्येच अर्धवट घट्ट व्हायला लागतं, तोंड दाबल्यावर गुठळ्या येतात. ती परत ठेवायची.

वाचून माझं समाधान होईना. मी साहेबांची परवानगी काढली आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या ओव्हनमध्ये स्वतः बघायचं ठरवलं. पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, बोटभर रुंद. सहा पदार्थ घेतले: ॲसिडवालं लाल, बाथरूमचं पारदर्शक, काळं ऑक्झाइम, करडं ऑक्झाइम, फ्लँजचं (सपाट धातूच्या तोंडांमध्ये लावायचं) ॲनएरोबिक आणि शेलॅक. प्रत्येकाच्या दोन जोड्या. एका जोडीचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने तीनदा पुसलेला. दुसऱ्या जोडीचा पत्रा गॅरेजात पुसतात तसा, तेलकट चिंधीने एकदा. तीन दिवस वाळू दिलं आणि मग सगळ्या पट्ट्या इंजिन तेलात बुडवून एकशेवीस अंशांवर सात दिवस ठेवल्या.

सात दिवसांनी बाहेर काढलं तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यांत भरलं ते तेलकट चिंधीचं काम. त्या पट्ट्यांवरचं चारही प्रकारचं सिलिकॉन, अगदी महागातलं काळंसुद्धा, बोटाने सरकवलं तरी सुटत होतं. म्हणजे पहिल्या गॅरेजात लाल ट्यूब एकटी दोषी नव्हती. तिथे उत्तम ट्यूब वापरली असती तरी त्या तेलकट तोंडावर ती चिकटलीच नसती. निवड महत्त्वाची आहे, पण निवडीच्या आधी पुसणं आहे.

स्वच्छ पट्ट्यांवर मात्र फरक दिसला. ॲसिडवालं लाल फुगून मऊ झालं होतं, नखाने खरवडलं की पापुद्रे निघत. त्याच्या खाली पत्र्यावर गंजाच्या बारीक रेषा होत्या. बाथरूमचं त्याहून वाईट. काळ्या सिलिकॉनच्या पट्ट्या मी दोन पकडींत धरून ओढल्या, तेव्हा ते ताणलं, ताणलं आणि मध्येच फाटलं. दोन्ही पट्ट्यांवर काळा थर तसाच राहिला. आमच्या कामात याला चांगली मोड म्हणतात. पदार्थ फाटला पण त्याने धातू सोडला नाही. करडं जास्त कडक होतं, ओढायला सगळ्यात जोर लागला, पण ताणलं मात्र कमी.

ॲनएरोबिकची गोष्ट वेगळी आहे. ते हवेत घट्ट होतच नाही, हवा बंद झाली आणि दोन्हीकडून धातू लागला की होतं. अमेरिकेतल्या व्हर्नन क्रीबल या प्राध्यापकांनी १९५३ च्या सुमारास अशा पदार्थावरच लॉकटाइट उभी केली. त्याची बाटली मुद्दाम अर्धवट भरतात, कारण वर हवा नसेल तर ते बाटलीतच दगड होईल. माझ्या पट्ट्यांमध्ये जिथे पत्रे एकमेकांना सपाट टेकले होते तिथे ते लोखंडासारखं बसलं होतं. जिथे पट्टी जराशी वाकली होती तिथे अजून पातळ रस होता. मशीनवर सपाट केलेल्या दोन ओतीव तोंडांना, म्हणजे गिअरबॉक्सच्या दोन भागांना वगैरे, याच्याइतकं चांगलं काही नाही. बाहेर आलेला रस घट्ट होत नाही, तेलात विरून जातो, जाळीत तुकडे अडकायची भीतीच नाही. पण पत्र्याच्या चेंबरला ते चालणार नाही. पत्रा कितीही ठोका, तेवढा सपाट होत नाही.

आता काळं की करडं? यावर बाबांशी दोन संध्याकाळी चर्चा झाली. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, चेंबर पोलादी पत्र्याचा. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. चाळीस सेंटिमीटर लांबीचा सांधा ऐंशी अंशांनी तापला तर दोन्हींच्या लांबीत एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास फरक पडू पाहतो. बोल्ट तो दाबून धरतात, तरी प्रत्येक गरम होण्या-थंड होण्यात सांधा किंचित सरकतो. तिथे कडकपेक्षा ताणणारं बरं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काळं घे." गाडीच्या कंपनीची स्वतःच्या नावाची ट्यूब मिळते, सुझुकी बॉन्ड किंवा होंडा बॉन्ड म्हणतात तशी. ती हाताशी असेल तर एवढा खटाटोप करायची गरज नाही, तीच घ्यावी. मला ती मागवायला आठवडा लागणार होता, म्हणून तुर्भ्याच्या दुकानातून तीन महिन्यांपूर्वीच बनलेली काळी ऑक्झाइम ट्यूब घेतली.

काम शनिवार-रविवारी काकांच्या गॅरेजात केलं, मी स्वतः, काका शेजारी. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतली. जाळी धुऊन काढली, नळीतून हवा मारली. मग तोंडं साफ करायचं. काकांचा मुलगा ग्राइंडरवर घासायची चकती लावून आला, त्याला मी थांबवलं. त्या चकतीची पूड ब्लॉकमध्ये वर उडते आणि तेलाबरोबर बेअरिंगांत जाते, शिवाय मऊ ॲल्युमिनियम खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लं जातं. आम्ही लाकडी पट्टी आणि प्लास्टिकची खरवडणी वापरली. दोन तास गेले. बोल्टच्या भोकांत जुनं सिलिकॉन अडकलं होतं, ते टोच्याने काढलं. भोकात काही राहिलं तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण दाबत नाही.

चेंबरची कड डोळ्यांसमोर धरून पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती पत्रा वर उचलला गेला होता, छोट्या टेकडीसारखा. आधी कुणीतरी पुष्कळ जोर लावून आवळल्याची ती खूण. अशा पत्र्यावर कितीही सिलिकॉन लावा, भोकांपाशी धातूला धातू टेकतो आणि मधल्या जागेत फट राहते. बाबांनी आपली जुनी गोल डोक्याची हातोडी मुद्दाम बरोबर दिली होती. चेंबर लाकडाच्या ठोकळ्यावर धरून एकेक टेकडी हलक्या ठोक्यांनी खाली बसवली, मग काचेवर ठेवून कड सपाट झाली का ते पाहिलं. पहिल्या गळतीचं मूळ इथेच असावं असं मला वाटतं.

ब्लॉकमधून तेलाचा थेंब-थेंब येतच राहतो. पुसून वळावं तो पुन्हा एक थेंब तोंडावर. काका म्हणाले घाई नको, रात्रभर निथळू दे. खाली परात ठेवली, शटर ओढलं आणि घरी गेलो. सकाळीही दोन जागी ओल होती. पांढऱ्या सुती कापडाने अल्कोहोल घेऊन पुसत राहिलो, कापडाला डाग लागायचा थांबेपर्यंत. रॉकेल किंवा डिझेलने पुसायची पद्धत आहे, पण ते स्वतःच मागे तेलकट थर ठेवतं.

सिलिकॉन लावायच्या आधी आम्ही कोरडी तालीम केली. खालून चेंबर वर नेताना तो हमखास तिरका होतो आणि ओली धार कुठेतरी पुसली जाते. काकांनी दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते दोन कोपऱ्यांत खुंट्यांसारखे बसवले. चेंबर त्या खुंट्यांवरून सरळ वर सरकतो. ही युक्ती मला कुठल्याही ट्यूबवर वाचायला मिळाली नसती.

ट्यूबचं नाकाड कापताना तीन मिलिमीटरचं भोक ठेवलं. धार चेंबरच्या कडेवर एकसलग सोडायची, आणि प्रत्येक बोल्टपाशी ती भोकाच्या आतल्या बाजूने न्यायची, म्हणजे तेल भोकापर्यंत पोहोचतच नाही. टायमिंग कव्हर (इंजिनाच्या टोकाचं झाकण) आणि ब्लॉक जिथे मिळतात तिथे तीन तुकड्यांचा सांधा होतो, तिथे थोडं जास्त. बाकी कुठेही जाड नाही. दाबल्यावर बाहेर बारीक काळी रेघ यावी, एवढंच.

बाहेर धो-धो पाऊस होता आणि त्याचा इथे थेट परिणाम होतो. ट्यूबवर दहा ते पंधरा मिनिटांत वर साय धरेल असं लिहिलं होतं. मी आधी कागदावर सोडलेल्या नमुन्याला बोट लावून पाहिलं, सहाव्या-सातव्या मिनिटालाच साय. हवेत ओलावा जास्त म्हणजे वाळणं लवकर. साय धरल्यावर चेंबर चढवला तर ती ब्लॉकला चिकटत नाही, म्हणून आम्ही चार मिनिटांची मर्यादा ठरवली. काकांचा मुलगा मोबाईलवर वेळ सांगत होता. तिसऱ्या मिनिटाला चेंबर वर, सगळे बोल्ट हाताने लागलेले.

आवळायचं लगेच की तासाभराने, यावर वाद आहे. ट्यूबवर लिहिलं होतं की हाताने आवळा, तासभर थांबा, मग पक्कं करा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लगेच पक्कं करायला सांगितलं होतं. मी मॅन्युअलचं ऐकलं. तासाभरात सिलिकॉन अर्धवट घट्ट झालेलं असतं, तेव्हा दाबलं तर धातूपासून सुटायची भीती. जिथे जाड थर हवा असतो तिथे थांबणं ठीक असेल, इथे दोन तोंडं जवळजवळ टेकणार होती. मधल्या बोल्टापासून सुरू करून समोरासमोर, दोन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायच्या पान्याने) सुमारे दहा न्यूटन मीटर. हे सहा मिलिमीटरचे बोल्ट आहेत, हाताला हा जोर फारच कमी वाटतो. काकांचा हात सवयीने अजून पाव आटा द्यायला पुढे आला, मग त्यांनी त्या टेकड्या आठवून मागे घेतला.

त्या दिवशी तेल भरलं नाही. काकांना हे सगळ्यात अवघड गेलं, गाडी उभी म्हणजे जागा अडली. पण सिलिकॉन बाहेरून आत वाळत जातं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, आणि सांध्याच्या मधोमध हवा पोहोचायला वेळ लागतो. सोमवारी संध्याकाळी, तीस तासांनी, नवा फिल्टर बसवून तेल भरलं. चावी फिरवली, ऑइलचा दिवा दोन सेकंदांत विझला आणि विझलेलाच राहिला. काकांनी गाडीखाली टॉर्च धरून अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. काळी रेघ कोरडी.

ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन मुरबाडवरून माळशेज घाटात गेलो. वर पोचल्यावर बाबा धबधबा बघायच्या आधी वाकून गाडीखाली बघत होते.

टॅपेट कव्हरचा ओलावा राहिला होता, तो दिवाळीनंतर काढला. तिथे रबराचं पॅकिंग असतं, ते नवं घेतलं. संपूर्ण रबरावर सिलिकॉन फासायचं नसतं, रबर घसरून जागा सोडतं. जिथे टायमिंग कव्हर आणि हेड (ब्लॉकवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) मिळतात त्या दोन कोपऱ्यांत वाटाण्याएवढा ठिपका पुरला. हेड पॅकिंगला तर काहीच लावायचं नाही, पत्र्याच्या थरांचं ते पॅकिंग कोरडंच बसतं, हे काकांनी त्यांच्या मुलाला माझ्यासमोर दोनदा सांगितलं.

उरलेली ट्यूब मी त्यांनाच दिली, नाकाडात एक लांब स्क्रू घुसवून. ओव्हनमधल्या पट्ट्याही मागून घेतल्या त्यांनी. आता त्या गॅरेजात रॅकजवळ तारेत ओवून टांगलेल्या आहेत, तेलकट एका बाजूला, स्वच्छ दुसऱ्या बाजूला. परवा गेले तेव्हा एक रिक्षावाले दादा लाल ट्यूब घेऊन आले होते. काकांनी तारेवरून लाल पट्टी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "नखाने खरवडून बघा," म्हणाले.